आधी डाग बघा, मग शेडकार्ड: स्वयंपाकघर आणि बाथरूमच्या कपाटांसाठी टिकणारा रंग कसा निवडावा

आमच्या स्वयंपाकघरातल्या एका कपाटाच्या दारावर कॅलेंडर लटकत असायचं. सहा वर्षं त्याच खिळ्यावर, दर वर्षी नवं. एकदा खिळा काढायचा म्हणून ते उतरवलं, तर खाली पिवळट आयत. आजूबाजूचं दार मात्र बऱ्यापैकी पांढरं. उजेडाने रंग बिघडतो आणि झाकलेला शाबूत राहतो, असं आपण धरून चालतो. इथे नेमकं उलटं झालं होतं. मग दार उघडून आतली बाजू पाहिली, तर ती सगळीच जुन्या कागदासारखी पिवळी.

दार ऑइल पेंटने रंगवलेलं होतं, म्हणजे अल्किड एनॅमलने. त्यातलं तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून कडक होतं. ही क्रिया रंग वाळल्यावरही हळूहळू चालूच राहते आणि थर पिवळा पडत जातो. उजेड त्यातला काही पिवळेपणा उडवून लावतो, अंधारात तो साठतच राहतो. शेडकार्डावर तासभर घालवून मी निवडलेल्या एका पांढऱ्याचे असे दोन पांढरे झाले होते. छटा चांगलीच होती. ती कशात मिसळून येणार आणि कुठे लागणार, हे मी विचारलंच नव्हतं.

कपाटाचा रंग टिकला की नाही, हे तीन गोष्टींवर ठरतं: थर शाबूत राहतो का, छटा तीच राहते का, आणि मधल्या काळात दार कळकट दिसतं का. पहिल्या दोन गोष्टींची चौकशी लोक करतात. तिसरीची सहसा कुणी करत नाही, आणि माझ्या पाहण्यात तरी दारं पुन्हा रंगवायला निघतात ती बहुतेक तिसरीमुळेच. म्हणून निवड करताना मी आता उलट्या टोकाकडून सुरुवात करते.

पायरी १: पांढरं फडकं घेऊन फिरा

शेडकार्ड बाजूला ठेवा. जुनं पांढरं सुती कापड कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि पाच ठिकाणी पुसा: शेगडीजवळच्या वरच्या कपाटाचा तळ, सगळ्यात जास्त उघडल्या जाणाऱ्या खणाच्या मुठीखालची चार बोटं जागा, सिंकखालचं दार, जमिनीलगतचा खण, आणि बाथरूममधल्या वॉशबेसिनखालच्या दाराची वरची कड. दर ठिकाणी कापडाचा नवा कोपरा वापरा आणि तिथे पेनाने जागेचं नाव लिहा. नाहीतर पाचवा डाग कुठला होता ते आठवत नाही.

माझ्या कापडावर शेगडीजवळचा डाग मधाच्या रंगाचा होता, पिवळा-तपकिरी आणि चिकट. मुठीखालचा राखाडी-काळा, मेणचट. तो हातांच्या तेलकटपणाने धरलेल्या धुळीचा. सिंकखालच्या दाराने कापडावर फारसं काही दिलं नाही, पण दारावर बाजूने टॉर्च मारल्यावर पाण्याच्या ओघळांचे पांढुरके पट्टे दिसले. ते क्षारांचे. खालच्या खणावर धूळ, आणि बुटाच्या टोकाने उडालेले टवके.

या पाच जागांना एकच रंग सारखा शोभेल, हे जरा अवघडच. डागाच्या छटेच्या जवळची छटा डाग पोटात घेते, लांबची छटा तो दाखवते. मधाच्या रंगाचा ओशटपणा वाळूसारख्या, खाकी, करड्या-हिरव्या किंवा मातकट रंगावर कितीतरी दिवस कळत नाही. तोच निळसर पांढऱ्यावर आठवड्यात कळतो. क्षारांचे पट्टे फिक्या रंगावर दिसत नाहीत, गडद निळ्यावर खडूने ओढल्यासारखे उठतात. तुमच्या कापडावर कुठला डाग जड आहे, ते आधी ठरवा.

पायरी २: दार कशाचं बनलेलं आहे ते बघा

याला फार वेळ लागत नाही, पण हे सोडलं तर पुढचं गणित चुकतं.

चौकट आणि मधली फळी असं भरीव लाकडाचं दार असेल, तर लाकूड हवेतल्या दमटपणाप्रमाणे फुगतं आणि आकसतं. चौकटीच्या सांध्यांवर केसाएवढ्या रेषा पडतात. रंगाऱ्याची त्यात चूक नसते. पांढऱ्या दारावर ही रेष काळी दिसते. गडद दारावर दुसरीच गंमत होते: कोरड्या हवेत मधली फळी आकसली की तिच्या कडेने न रंगवलेल्या लाकडाची फिकी पट्टी डोकावते. दोन्ही टाळायचं असेल तर मधल्या उजळपणाचा रंग बरा, आणि फळी चौकटीत बसवण्याआधीच तिच्या कडा रंगवून घेता आल्या तर फारच उत्तम.

एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या फळीच्या, दाराला सांध्यांच्या भेगा पडत नाहीत, म्हणून अगदी पांढरा किंवा अगदी गडद रंग त्यावर जास्त स्वच्छ दिसतो. त्याचा शत्रू पाणी. कापलेल्या कडा पाणी पितात, फुगतात, आणि मग कुठलाच रंग वाचवत नाही. कडांना प्रायमरचा जादा हात हवाच.

ओक किंवा गाठी असलेलं पाइन यांसारख्या लाकडातून टॅनिन (लाकडातलं तपकिरी डाग पाडणारं द्रव्य) आणि राळ वर झिरपते. पांढऱ्या किंवा फिक्या रंगावर चहा सांडल्यासारखे डाग पडतात; वरून कितीही हात मारा, ते पुन्हा येतात. अशा लाकडावर फिका रंग हवाच असेल तर खाली लाखेचा, म्हणजे शेलॅकचा, प्रायमर लावायचा. साध्या पाण्याच्या प्रायमरमधून टॅनिन बिनदिक्कत वर येतं.

लॅमिनेट असेल तर घट्ट पकडीचा, बाँडिंग म्हणून विकला जाणारा प्रायमर लागतो. दारावर पीव्हीसीचा पापुद्रा चढवलेला असेल आणि तो कडेने सुटायला लागला असेल, तर रंगाचा विचार सोडून द्या. पापुद्रा रंगाला सोबत घेऊन निघेल.

पायरी ३: आधी उजळपणा ठरवा, रंग नंतर

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवते. ‘निळा की हिरवा’ यावर घरात चर्चा रंगते, पण दार मळकं दिसणार की नाही हे मुख्यतः त्याच्या उजळपणावर ठरतं.

बऱ्याच रंगकंपन्यांच्या शेडकार्डावर किंवा त्यांच्या संकेतस्थळावर प्रत्येक छटेला एलआरव्ही नावाचा आकडा दिलेला असतो. पडलेल्या उजेडापैकी किती टक्के उजेड रंग परत फेकतो, त्याचं हे माप. ० म्हणजे सैद्धांतिक काळा, १०० म्हणजे सैद्धांतिक पांढरा. दुकानातला नेहमीचा स्वच्छ पांढरा ८५ च्या आसपास किंवा वर असतो, गडद नेव्ही निळा एकेरी आकड्यात.

इथे एक फसगत आहे. ५० चा रंग डोळ्यांना मधला वाटत नाही, बऱ्यापैकी फिकाच वाटतो. काळा आणि पांढरा यांच्या मधोमध वाटणारा करडा खरं तर १८ ते २० च्या जवळपास असतो, कारण डोळा उजेडाचं माप सरळ पट्टीने घेत नाही. त्यामुळे ‘मला मधला रंग हवा’ म्हणून ५० चा आकडा शोधू नका. आधी डोळ्यांना पटणारी छटा बघा, मग आकडा वाचा.

माझा अनुभव असा. ७५ च्या वर गेलात की ओशटपणा, मुठीखालचे डाग, सांध्यांच्या रेषा, सगळं दिसतं. १५ च्या खाली आलात की धूळ, क्षार, बोटांचे ठसे आणि टवके दिसतात; गडद रंगाखालचं पांढरं प्रायमर टवक्यातून असं चमकतं की दाराच्या कोपऱ्यावर खडूचा तुकडा अडकलाय असं वाटावं. ३५ ते ६५ हा पट्टा सगळ्यात सहनशील. दोन्ही बाजूंचे डाग त्यात मुरतात आणि खोलीही अंधारी होत नाही.

पांढरी कपाटं करूच नयेत असं माझं म्हणणं नाही. खोलीत उजेड कमी असेल तर ती हवीशीच वाटतात. मग वरच्या कपाटांना ७० ते ८० मधला, जरासा उबदार पांढरा द्या आणि खालच्या खणांना ३० ते ४५ मधला रंग. लाथा, बूट, झाडू आणि पाण्याचे शिंतोडे खालच्यांना बसतात. वरच्यांना वाफ आणि तेल. दुरंगी कपाटांकडे फॅशन म्हणून बघितलं जातं, पण मला ती सोय वाटते.

पायरी ४: कुठली छटा उडते, कुठली नाही

रंग म्हणजे शेवटी द्रवात घोळलेली भुकटी. भुकटी कुठली, यावर छटेचं आयुष्य ठरतं. पिवळा, तांबडा, तपकिरी आणि काळा आयर्न ऑक्साइड, म्हणजे गेरूच्या कुळातली रंगद्रव्यं, उजेडाला जवळजवळ दाद देत नाहीत. गुहाचित्रांतले तांबडे आणि पिवळे हजारो वर्षं टिकले ते याच जातीचे. पांढऱ्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड, काळ्यासाठी कार्बन ब्लॅक आणि निळ्या-हिरव्यासाठी थॅलो जातीची रंगद्रव्यं हीसुद्धा पक्की.

झगझगीत लिंबू पिवळा, किरमिजी, जांभळट गुलाबी, भगभगीत नारिंगी या छटा बहुतेक सेंद्रिय, म्हणजे कार्बनच्या संयुगांपासून बनवलेल्या, रंगद्रव्यांतून येतात. त्यांतली काही उत्तम टिकतात, काही नाहीत, आणि डबा बघून ते कळत नाही. त्यातही भरपूर पांढऱ्यात चिमूटभर गुलाबी घालून केलेली फिकी छटा लवकर उडते, कारण उडायला तिथे मुळात असतंच कितीसं.

रंग यंत्रावर मिसळून घेत असाल तर डब्यावरच्या चिठ्ठीत कुठली रंगद्रव्यं किती पडली हे बऱ्याचदा छापलेलं असतं. संकेत कळले नाहीत तर विचारा. एकाच छटेच्या दोन शेजारी पर्यायांत एक ऑक्साइड आणि काळ्यावर तयार होत असेल, दुसऱ्यात मॅजेंटा पडत असेल, तर खिडकीसमोरच्या दारासाठी मी पहिला घेईन.

गडद आणि भडक रंगांची आणखी एक अडचण आहे. त्यांच्यासाठी ज्यात पांढरा कमी किंवा नाहीच असा बेस घेतात आणि त्यात रंगद्रव्याची पेस्ट भरपूर ओततात. पेस्ट जितकी जास्त, तितका थर कडक व्हायला वेळ लागतो आणि काही वेळा तो कायमचा थोडा मऊ राहतो. माझे नेव्ही निळे खालचे खण दोन आठवड्यांनीही चौकटीला चिकटत होते. ओढले की ‘चर्र’ असा आवाज. एका कोपऱ्याचा नखाएवढा रंग चौकटीवरच राहिला. तिथे मला कळलं की छटा निवडताना आपण थराचा कडकपणाही निवडत असतो.

आता पिवळं पडण्याविषयी. तेलाचा रंग वापरायचाच असेल, तर त्या पिवळेपणाला सामावून घेणारी छटा घ्या. क्रीम, हस्तिदंती, वाळू, ऑलिव्ह यांच्यात तो मिसळून जातो. फिक्या निळ्यात पिवळा मिसळला की हिरवट झाक येते, फिका करडा मातकट होतो, शुभ्र पांढऱ्याचं तर कॅलेंडर प्रकरण होतं. या तीन छटा हव्या असतील तर पाण्याचा अ‍ॅक्रिलिक एनॅमल घ्या. पीयूमध्येही, म्हणजे पॉलियुरेथेनच्या रंगातही, अ‍ॅरोमॅटिक आणि अ‍ॅलिफॅटिक असे दोन प्रकार येतात. पहिला पिवळा पडतो, दुसरा फारसा नाही. फिक्या रंगाला ‘न पिवळा पडणारा’ असं स्पष्ट सांगून मागा. हाच नियम वरून मारलेल्या पारदर्शक कोटालाही लागू आहे. रंग अ‍ॅक्रिलिक आणि वरून तेलाचं वॉर्निश, असं केलं की सगळी मेहनत पिवळी.

पायरी ५: जे बदलणार नाही त्याच्याशी जुळवा

ओटा, टाइल्स, फरशी. यांना कुणी रंग देत नाही आणि कपाटांचं पुढचं आयुष्य यांच्या शेजारी जायचं आहे. प्रत्येक पांढऱ्यात आणि करड्यात एक झाक लपलेली असते: पिवळी, गुलाबी, हिरवी किंवा निळी. ओळखायला सोपी युक्ती म्हणजे झेरॉक्सचा कोरा कागद ओट्यावर आणि टाइलवर ठेवून बघणं. ‘पांढरी’ टाइल कागदाशेजारी एकदम गुलाबी वाटायला लागते. टाइलची झाक उबदार असेल तर कपाटाचा पांढराही उबदार घ्या. थंड पांढऱ्याशेजारी ती टाइल जुनाट दिसते, आणि दोष टाइलला दिला जातो.

पायरी ६: नमुना फळी करा, आणि ती मळवा

शेडकार्डावरचा नखभर तुकडा बघून रंग ठरवणं म्हणजे एका घासावरून अख्ख्या पंगतीचा अंदाज बांधणं. मोठ्या पृष्ठभागावर छटा कार्डापेक्षा जोरकस वाटते. डब्यातला ओला अ‍ॅक्रिलिक तर बघूच नका. तो ओला असताना दुधाळ आणि फिका दिसतो, वाळल्यावर गडद होतो.

दोन-तीन छटांचे छोटे डबे आणा. साधारण ४० बाय ६० सेंटीमीटरच्या फळ्यांवर तोच प्रायमर, तोच रंग, पूर्ण दोन हात मारा. भिंतीवर थेट नमुना लावू नका. आसपासचा जुना रंग डोळ्यांना चकवतो. फळी दाराच्या जागी उभी ठेवा, आडवी नको. आडव्या फळीवर वरून उजेड पडतो आणि ती दारापेक्षा उजळ दिसते. सकाळी, भर दुपारी, संध्याकाळी आणि रात्री दिव्याखाली बघा. वरच्या कपाटाच्या सावलीतही ठेवून बघा, कारण खालचे खण बराच वेळ तिथेच असतात.

दिव्याचा प्रश्न वेगळा. २७०० केल्विनच्या पिवळसर दिव्यात निळे मलूल होतात आणि क्रीम अधिक पिवळं दिसतं. ६५०० च्या पांढऱ्या दिव्यात उबदार छटा फिकुटतात. दिवसा ओट्याशी तंतोतंत जुळणारा करडा रात्री हिरवट निघू शकतो. दोन वेगळी रंगद्रव्यं एका उजेडात सारखी दिसतात आणि दुसऱ्यात नाही, यालाच मेटामेरिझम म्हणतात. शक्य असेल तर दिवे आधी ठरवा, रंग निर्देशांक (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, सीआरआय) ९० किंवा त्याहून जास्त असलेले घ्या, आणि मग रंग निवडा. रंग झाल्यावर दिवे बदललेत तर कपाटंही बदलल्यासारखी वाटतील.

आता जे सहसा कुणी करत नाही ते. फळ्या आठवडाभर वाळल्या की त्या मुद्दाम मळवा. एका कोपऱ्यावर तेलाचं बोट फिरवून वर घरातली धूळ भुरभुरवा. दुसऱ्यावर नळाच्या पाण्याचे थेंब टाका आणि न पुसता वाळू द्या. तिसऱ्या कोपऱ्यावर ओल्या हाताने दहा-वीस वेळा धरा. चौथा किल्लीने हलकेच ओरखडा. मग दोन पावलं मागे जाऊन बघा. ज्या फळीवरचा पसारा तिथून दिसत नाही, तो तुमचा रंग. नंतर साबणाच्या पाण्याने धुवा आणि कुठल्या फळीवर डाग राहिला, कुठल्या फळीची तकाकी गेली, तेही टिपून ठेवा. मी तीन फळ्यांवर हे केलं तेव्हा मला सगळ्यात आवडलेली छटा तिसरी आली.

पायरी ७: तकाकी

तकाकी ६० अंशांच्या कोनात मोजतात. सॅटिन साधारण २० ते ३५ एककं, सेमी-ग्लॉस ३५ ते ७०, ग्लॉस ७० च्या वर. तकाकी जितकी जास्त तितकं पुसणं सोपं, पण लांबी (पुट्टी) नीट न घासलेली जागा, जुना खळगा, ब्रशच्या रेघा हे सगळं तितकंच उघडं पडतं. अगदी मॅट रंग कपाटाला नको. घासघासून मुठीजवळ चकाकणारे पट्टे पडतात आणि ते पुन्हा मॅट होत नाहीत. गडद मॅटवर तर हे ठळकच.

माझी निवड स्वयंपाकघरात सॅटिन, बाथरूममध्ये आणि सिंकखाली सेमी-ग्लॉस. एक लक्षात ठेवा: तोच रंग जास्त तकाकीत थोडा गडद आणि खोल दिसतो. म्हणून नमुना फळी ठरवलेल्या तकाकीतच करायची.

बाथरूमचं गणित वेगळं

इथे तेल नाही. इथे वाफ आहे, क्षार आहेत, टूथपेस्टचे ठिपके आहेत, साबणाचा थर आहे. म्हणजे बहुतेक डाग पांढरे. स्वयंपाकघरात पांढऱ्याने दिलेला त्रास इथे काळा देतो, म्हणून बाथरूममध्ये फिका रंग अधिक सुखाचा. पाणी जड असेल तर वॉशबेसिनखाली गडद रंग घेऊच नका. रोज पुसायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरी गोष्ट आरशाची. बाथरूम लहान असतं, कपाटावरून उसळलेला उजेड थेट चेहऱ्यावर पडतो. तीव्र हिरव्या कपाटासमोर उभं राहिलं की माणूस आजारी दिसतो. मेकअप किंवा दाढी तिथेच करत असाल तर उबदार पांढरा, वाळू किंवा मंद करडा यांच्या बाहेर जाऊ नये.

आणि हवा बाहेर जाण्याची सोय नसेल तर रंगाची छटा हा दुय्यम प्रश्न. दाराच्या खालच्या कडेला प्रायमर न लावलेलं कपाट वर्षभरात तिथून पोपडे टाकायला लागतं. ती कड कुणाला दिसत नाही, म्हणून रंगारी सोडतात. दार काढून उलटं करा आणि स्वतः बघा.

फॅशनचा मोह

रंगाच्या फॅशनला कारण मिळालं की ती शहाणपण वाटते. मार्गारेटे शुट-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये आखलेल्या प्रसिद्ध फ्रँकफर्ट किचनमधली कपाटं निळी होती; माश्या निळ्यावर बसत नाहीत अशी तेव्हाची समजूत. १९७० च्या दशकात अमेरिकेतली स्वयंपाकघरं अ‍ॅव्होकाडो हिरव्याने भरली, आणि पुढे तोच रंग ‘जुनं घर’ ओळखायची खूण झाला. हिरवा वाईट नाही. पण एखादी छटा एकाच वेळी सगळीकडे दिसायला लागली, की काही वर्षांनी ती तारीख सांगायला लागते. आवडीचा भडक रंग हवाच असेल तर एका कपाटाला द्या, किंवा दारांच्या आतल्या बाजूला. तो पुन्हा रंगवायला एक दुपार पुरते.

रंगवताना निवड वाया जाऊ नये म्हणून

दारं आणि मुठी काढा, दारांना क्रमांक द्या. ओशटपणा काढणाऱ्या साबणाने धुवा, साध्या पाण्याने पुन्हा पुसा. घासण्याआधी धुणं महत्त्वाचं. उलटं केलंत तर पॉलिश पेपर तेल लाकडात चोळतो. १२० ते १८० नंबरच्या कागदाने घासा, धूळ काढा. घर जुनं असेल आणि खालच्या रंगात शिसं असण्याची शक्यता असेल तर आधी तपासणी करून घ्या आणि कोरडं घासू नका.

प्रायमर वरच्या रंगाकडे झुकणारा घ्या. गडद निळ्याखाली करडा, तांबड्याखाली करडा किंवा गुलाबीसर. झाकायला हात कमी लागतात, आणि पुढे टवका उडाला तर आतून पांढरं डोकावत नाही. तांबडे आणि पिवळे मुळातच नीट झाकत नाहीत. पांढऱ्या प्रायमरवर त्यांचे चार-चार हात मारताना मी लोकांना पाहिलंय.

एकापेक्षा जास्त डबे लागणार असतील तर सगळे एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्या. एकाच क्रमांकाच्या दोन डब्यांत थोडा फरक पडतोच, आणि तो शेजारशेजारच्या दारांवर दिसतो. रंगाचे दोन पातळ हात, मध्ये २२० किंवा ३२० चा हलका कागद. जाड एक हात ओघळतो आणि आतून मऊ राहतो.

पाण्याचा रंग दोन तासांत हाताला कोरडा लागतो, पण पूर्ण पक्का व्हायला ३० दिवसांपर्यंत लागू शकतात. या काळात दारं हळू लावा, कोपऱ्यांवर छोटी रबरी बटणं चिकटवा, आणि घासून पुसू नका. पुढेही अमोनियाचा क्लीनर तेलाच्या रंगापासून लांब ठेवा, त्याने पिवळेपणा वाढतो. डाग खोडरबरासारखा काढणारा पांढरा मेलामाइन स्पंज प्रत्यक्षात अगदी बारीक पॉलिश पेपर आहे. तकाकी आधी जाते, मग डाग.

दहा वर्षांनी तोच रंग मिळावा म्हणून

उरलेला रंग मोठ्या डब्यात अर्धा ठेवला की वरच्या हवेने साय धरतो. काचेच्या छोट्या बरणीत काठोकाठ भरा, घट्ट बंद करा, उन्हापासून लांब ठेवा. टवक्याला बारीक ब्रशने टिंब द्या, पसरवू नका. सॅटिनवर पसरलेला पट्टा वेगळी तकाकी धरतो. दुरुस्तीत मधले रंग सगळ्यात निमूट. गडद रंगावरची डागडुजी समोरून दिसत नाही, तिरप्या उजेडात मात्र लपत नाही.

कंपन्या छटांची नावं बदलतात, काही छटा बंदही करतात. शक्य असेल तर आरएएल किंवा एनसीएस सारख्या सर्वमान्य क्रमांकाशी जुळणारी छटा घ्या. आरएएल ९०१० म्हटलं की तोच पांढरा दुसऱ्या कुठल्या कंपनीकडूनही मागता येतो. आणि यंत्राची चिठ्ठी डब्याबरोबर फेकली जाते, हे गृहीत धरा. माझ्या सिंकखालच्या दाराच्या आत आता एक कागद चिकटवलेला आहे: छटेचा क्रमांक, बेस, रंगद्रव्यांचे आकडे, तकाकी, प्रायमर कुठला आणि कुठल्या महिन्यात लावला. कागदावर पारदर्शक टेप लावली आहे, कारण पहिला कागद तिथल्या ओलीने गळून पडला होता.